हयातीचा दाखला

बाबांनी वर्तमानपत्र बंद केलंय हे मला जवळजवळ दोन महिन्यांनी कळलं. विचारलं तर म्हणाले, "वाचताना डोळे दुखतात गं." मी डोळे तपासून आणले, नवा चष्मा करून दिला. तरी पेपर काही सुरू होईना. मग एके दिवशी त्यांचं पासबुक भरून आणायचं काम माझ्याकडे आलं आणि छापून आलेल्या पानावर माझी नजर अडली. चार महिने पेन्शनची नोंदच नव्हती. नुसत्या काढलेल्या रकमा, एकीखाली एक, दर वेळी आधीपेक्षा थोडी लहान.

"बाबा, चार महिने पैसे आले नाहीत आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "कपात होणार, कपात होणार असं पेपरात येतच होतं की. मला वाटलं, झाली."

कपात झालेली नव्हती. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी अजून आहे, असं सही करून कळवायचं. त्याचा कागद जुन्या पत्त्यावर गेला, उत्तर आलं नाही, म्हणून संगणकाने नाव बाजूला काढलं. कुणी ठरवून काही केलं नव्हतं. ज्याच्यावर राग काढावा असा माणूसही समोर नव्हता. कार्यालयात जाऊन, ओळख पटवून, थकबाकीसकट सगळं परत मिळालं. पण बाबांचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. चार महिने त्यांनी जे सोसलं ते त्यांच्या लेखी सरकारचं धोरण होतं. चूक आणि धोरण यांतला फरक त्यांना दिसला नाही, आणि मी जसजसा विचार करत गेले तसं मला वाटू लागलं, की त्या टोकाला बसलेल्या माणसाला तो फरक दिसायची काही सोयच नसते.

घरात कपातीची चर्चा नवी नाही. माझा थोरला भाऊ, दादा, हिशेब तपासण्याच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस. सरकारी खर्चाचा विषय निघाला की त्याचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझी आणि त्याची यावरून कितीदा तरी जुंपली आहे. पण इथे आधी त्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती खोटी नाही आणि तिच्याकडे डोळेझाक करून गरिबांचं भलं होत नाही.

तो इडा मे फुलर यांची गोष्ट सांगतो. अमेरिकेत १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेचा कायदा आणला. त्याखाली महिन्याला मिळणाऱ्या पेन्शनचा सगळ्यात पहिला धनादेश जानेवारी १९४० मध्ये या बाईंच्या नावाने निघाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांच्या पगारातून तोवर तीन वर्षांत कापले गेले होते २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि त्यांना एकूण मिळाले २२,८८८ डॉलर ९२ सेंट. "त्या बाईंचा यात काही दोष नाही," दादा म्हणतो, "पण मधला फरक कुणीतरी भरला. तेव्हा भरणारे पुष्कळ होते." खरंच होते. १९५० मध्ये तिथे एका पेन्शनधारकामागे सोळाहून अधिक कमावते होते. आता तीनही नाहीत. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये म्हातारपणाच्या विम्याचा कायदा केला तेव्हा वयाची अट सत्तरीची होती, आणि त्या काळच्या कामगारांपैकी फारच थोडे सत्तरीपर्यंत पोचत. आज जपानमध्ये दर शंभरातली एकोणतीस माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. लोक जास्त जगू लागले, मुलं कमी झाली. ही काही वाईट गोष्ट नव्हे, पण हिशेब बदलला. अमेरिकेतल्या त्या सामाजिक सुरक्षेच्या निधीच्या विश्वस्तांनी २०२५ च्या अहवालात लिहून ठेवलंय, की काहीच केलं नाही तर २०३३ मध्ये निवृत्तांच्या निधीतली साठवण संपेल आणि ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. २०२४ मध्ये त्या देशाने संरक्षणापेक्षा कर्जाच्या व्याजावर जास्त पैसा घालवला.

"व्याज म्हणजे कुणाच्याच ताटात न पडलेला घास," असं दादा म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. कर वाढवा, हे एक उत्तर आहे आणि ते मी देतेही, पण नुसत्या त्या एका उत्तराने सगळीकडे भागेल असं मलाही मनापासून वाटत नाही. कधीतरी, कुठेतरी, कुणाचं तरी काही कमी करावं लागेल.

एवढं मान्य केल्यावर माझं म्हणणं सुरू होतं. कपात दोन तऱ्हेने करता येते. एक उघड आणि दुसरी कागदाच्या आडून. पहिलीत सरकार सांगतं: तुमचं इतकं कमी होणार, अमुक वर्षापासून, अमुक कारणाने. दुसरीत कुणी काही सांगत नाही. रक्कम तीच राहते, हक्क तोच राहतो, फक्त तिथपर्यंत पोचायची वाट अरुंद होत जाते, आणि जे पोचत नाहीत त्यांचा आकडा वर्षाअखेरीस बचत म्हणून दाखवला जातो.

उघड कपातीची उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. अमेरिकेतच १९८३ मध्ये हा निधी आटत आला होता. दोन्ही पक्षांच्या माणसांनी बसून तडजोड केली आणि पूर्ण पेन्शनचं वय पासष्टवरून सदुसष्टवर नेलं. पण कसं? पहिला बदल सतरा वर्षांनी, २००० मध्ये लागू झाला, तोही दोन दोन महिन्यांनी वय वाढवत. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण सदुसष्टची अट. म्हणजे ज्यांच्या वाट्याला ती सगळी आली, त्यातले सगळ्यांत मोठे तेव्हा तेवीस वर्षांचे होते. आयुष्य आखायला त्यांच्या हातात चाळीस वर्षं होती. कपात ती कपातच, आणि अंगमेहनत करणाऱ्याला दोन वर्षं जड जातात हेही खरं. पण कुणाला फसवलं नाही.

स्वीडनचं मला जास्त आवडतं. नव्वदच्या दशकात आर्थिक संकट आलं तेव्हा तिथल्या पाच पक्षांनी एकत्र येऊन पेन्शनची सगळी रचनाच बदलली. माणसाने आयुष्यभर जितकं भरलं त्याची त्याच्या नावावर नोंद, निवृत्त होताना त्याच्या पिढीचं उरलेलं आयुर्मान किती हे बघून वार्षिक रक्कम, आणि व्यवस्थेची देणी तिच्या मत्तेपेक्षा जास्त झाली तर आपोआप लागणारा ब्रेक. आणि या सगळ्याबरोबर, १९९९ पासून दर वर्षी लोकांच्या घरी एक नारिंगी पाकीट जायला लागलं. त्यात लिहिलेलं: तुमच्या नावावर आजवर एवढं जमलं आहे आणि तुम्हाला पुढे साधारण एवढं मिळेल. २००८ च्या मंदीनंतर तो ब्रेक खरोखरच लागला आणि २०१० मध्ये पेन्शन खाली आली. लोक नाराज झाले. सरकारने कर थोडा कमी करून तो घाव हलका केला. पण ब्रेक आहे, हे लोकांना आधीपासून माहीत होतं. मी त्या नारिंगी पाकिटाचा फार विचार करते. ते फोडणाऱ्या माणसाला आतलं वाचून वाईट वाटत असेल, काळजी वाटत असेल, पण आपल्याशी कुणीतरी बोलतंय असंही वाटत असेल.

आता दुसरी तऱ्हा.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने जून २०१८ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला एक अट घातली. महिन्याला ऐंशी तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा करायची आणि ते दर महिन्याला कळवायचं. ऐकायला कुणालाही वाजवी वाटेल. दादालाही वाटली होती. पण कळवायचं ते सुरुवातीला फक्त एका संकेतस्थळावरून, आणि ते संकेतस्थळ रोज रात्री नऊ ते सकाळी सात बंद. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला जो वेळ मोकळा मिळतो, नेमका तोच. वर्षात तीन महिने कळवायचं राहिलं की उरलेलं वर्ष विमा नाही. काही महिन्यांतच अठरा हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने अट थांबवली. नंतर संशोधकांनी पाहणी केली तर रोजगार वाढलेला दिसला नाही. वाढणार कसा? ज्यांना अट लागू होती त्यातले जवळजवळ सगळे एक तर आधीच काम करत होते, नाहीतर आजारपणामुळे किंवा दुसऱ्या कारणाने अटीतून सूट मिळायला पात्र होते. ते कामात नापास झाले नाहीत. काम केल्याचं कळवण्यात नापास झाले.

हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. जिवंत होते, पण जिवंत असल्याचं कळवायचं राहिलं होतं.

ऑस्ट्रेलियात गोष्ट याहून पुढे गेली. तिथे २०१५ ते २०१९ या काळात सरकारी भत्ते घेतलेल्यांच्या वसुलीची एक यंत्रणा चालली. लोक तिला रोबोडेट म्हणत. तिची रीत अशी: माणसाची वर्षाची कमाई घ्यायची, तिचे सव्वीस पंधरवड्यांत सारखे भाग करायचे आणि ते दर पंधरवड्याच्या भत्त्याशी ताडून बघायचे. ज्याने सहा महिने नोकरी केली, मग नोकरी गेली म्हणून सहा महिने भत्ता घेतला, त्याची कमाई कागदावर वर्षभर पसरली आणि भत्त्याच्या महिन्यांतही तो कमावता दिसू लागला. मग पत्र: तुम्ही जास्त पैसे घेतलेत, परत करा. खरं काय ते दाखवायची जबाबदारी त्याच्यावर, तीही पाच-सात वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या काढून. पुढे ही पद्धतच बेकायदा ठरली. २०२० मध्ये सरकारने साधारण ४ लाख ७० हजार प्रकरणांतले पैसे परत करायचं जाहीर केलं आणि २०२३ च्या चौकशी आयोगाने ही व्यवस्था क्रूर होती असं स्वच्छ शब्दांत लिहिलं. मधल्या काळात काहींनी जीव दिला होता.

दादाचा यावरचा प्रश्न योग्य असतो. "मग खोटं सांगून घेणारे असतात, त्यांचं काय करायचं?" असतात. नेदरलँड्समध्ये २०१३ साली अशी टोळी खरोखर उघडकीला आली होती, तिथे न राहणाऱ्या लोकांच्या नावे भत्ते लाटणारी. त्यानंतर लोकक्षोभ झाला आणि करखात्याने पाळणाघराच्या भत्त्यांवर अशी काही नजर ठेवली, की एखादी सही राहिली, खर्चाचा थोडासा भाग भरायचा राहिला, तरी वर्षभराची सगळी रक्कम परत मागू लागले. हजारो युरो. हजारो आईवडिलांवर लबाडीचा शिक्का बसला, त्यात परदेशी मुळाचे लोक मोठ्या संख्येने होते. घरं गेली, संसार मोडले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. चोर पकडायला हवेतच. पण चोरासाठी लावलेलं जाळं इतकं बारीक विणलं की त्यात आधी तेच अडकतात ज्यांना कागद सांभाळायची सवय नाही. सराईत चोराचे कागद नेहमी पूर्ण असतात.

हा विचार मुळात जुना आहे. १८३४ च्या इंग्रजी गरीब-कायद्याचं सूत्रच असं होतं, की मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यांत गरीब मजुरापेक्षाही वाईट दिसली पाहिजे, म्हणजे नाइलाज झाल्याशिवाय कुणी दार ठोठावणार नाही. त्यासाठी दगडी भिंतींची वर्कहाउसं बांधली, मदत हवी तर आत राहून राबायचं. आता भिंतींची गरज उरलेली नाही. सतरा पानांचा अर्ज, न लागणारा फोन, रात्री बंद होणारं संकेतस्थळ. तेवढं पुरतं.

आणि एक तिसरी जातही आहे, काहीच न करता होणारी कपात. अमेरिकेत १९९६ मध्ये गरीब कुटुंबांच्या रोख मदतीचा कायदा बदलला आणि केंद्राचा वाटा वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलरवर बांधून टाकला. महागाईशी त्याची सांगड घातली नाही. आजही तो आकडा जवळपास तोच आहे. इतक्या वर्षांत महागाईने त्यातला जवळजवळ निम्मा खाऊन टाकला, आणि त्यासाठी एकाही लोकप्रतिनिधीला "कमी करा" म्हणून हात वर करावा लागला नाही. मुलांसाठी २०२१ मध्ये तिथे वाढीव करसवलत दिली होती, काही महिने थेट खात्यात. त्या वर्षी, महामारीतल्या इतर मदतीसह, गरिबीत राहणाऱ्या मुलांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं. मुदत संपली, वाढवली नाही. पुढच्या वर्षी १२.४ टक्के. या मुलांचा घास कुणी काढून घेतला? कुणीच नाही. तारीख उलटली, एवढंच.

गरजूंनाच द्या, बाकीच्यांचं बंद करा, हा मधला मार्ग मला पूर्वी फार पटायचा. दादा आणि मी जिथे हटकून एकत्र यायचो ती जागा तीच. श्रीमंत म्हाताऱ्याला कशाला हवी मदत? ब्रिटनमध्ये २०२४ च्या उन्हाळ्यात नव्या सरकारने नेमकं हेच केलं. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी सगळ्या पेन्शनधारकांना मिळणारी रक्कम गरिबांच्या पूरक पेन्शनसारख्या मदतीवर असलेल्यांपुरतीच ठेवली. सुमारे एक कोटी लोक वगळले गेले. हे उघड केलं, जाहीर केलं, त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. पण ती पूरक पेन्शन मिळायला अर्ज करावा लागतो, आणि पात्र असलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा तो कधी करतच नाही. कुणाला ठाऊक नसतं, कुणाला जमत नाही, कुणाला लाज वाटते. म्हणजे श्रीमंतांना गाळायला जी चाळण घेतली तिच्यातून सगळ्यांत गरीबही खाली पडले. वर्षभरात सरकारला निर्णय फिरवावा लागला. आता ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना अर्जाशिवाय ती रक्कम मिळते, वरच्यांकडून करातून परत घेतात. आधी द्या, मग ज्याला नको त्याच्याकडून परत घ्या. दादाला ही उलटी रीत वाटते. मला ती माणसाच्या लाजेची बूज राखणारी वाटते.

लाजेबद्दल थोडं. आपल्या भाषेत अशा माणसाला "लाभार्थी" म्हणतात. लाभ मागणारा. विद्यार्थी, प्रार्थी, भिक्षार्थी यांच्या रांगेतला शब्द. बाबा छत्तीस वर्षं नोकरीत होते, पगारातून कापून घेतलेलं त्यांचं होतं, तरी कार्यालयातल्या खिडकीपाशी उभं राहताना त्यांनी सवयीने हात जोडले. मी ते हात खाली करायला गेले आणि थांबले. कशासाठी जोडलेत हे मला कळत होतं. "हक्कदार" हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो फॉर्मवर छापलेला मी पाहिला नाही.

खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, कागद पुढे केला. सही आधीच्या सहीशी जुळायला हवी होती. बाबांचा हात आता थरथरतो. त्यांनी माझ्याकडून एक जुनं पाकीट मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर आधी तीनदा सही करून पाहिली. पहिली खाली उतरली. दुसरीत आडनावाची वेलांटी सुटली. तिसरी बरी आली. मग श्वास धरून त्यांनी कागदावर सही केली आणि पेन खाली ठेवल्यावरच सोडला. ते पाकीट माझ्याकडे आहे.

त्या रविवारी दादा आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो बाबांवर चिडला, म्हणजे मनातून घाबरला होता. "मला एक फोन करायचा ना बाबा! चार महिने?"

बाबा म्हणाले, "तूच म्हणतोस ना, सगळ्यांनी थोडं थोडं सोडायला हवं म्हणून. तू हिशेबातला माणूस, तुला कळतं. मला वाटलं, माझी पाळी आली असेल. तक्रार कसली करायची?"

दादा गप्प बसला. मीही. बाबा स्वतःहून सोडायला तयार होते. कुणी येऊन सांगितलं असतं, की देशाला अडचण आहे, तुमचे एवढे कमी करतोय, एवढे राहतील, तर त्यांनी मान हलवली असती, वर चहाही विचारला असता. त्यांनी तर न विचारता, न सांगता, सगळंच्या सगळं गेलं तरी आपला वाटा समजून सोडून दिलं होतं. असे किती असतील, याचा आकडा कुठल्या अहवालात येणार? ते तक्रार करत नाहीत, म्हणून ते बचतीत धरले जातात.

पेपर पुन्हा सुरू झाला. अर्थसंकल्प आला त्या दिवशी दादा घरीच होता. बाबांनी ते पान नव्या चष्म्याने वरपासून खालपर्यंत वाचलं, मग घडी करून त्याच्यापुढे सरकवलं.

"यात आमचं किती कमी होणार, ते कुठे लिहिलंय? मला सापडेना."

दादाने पान हातात घेतलं. उलटलं, पुन्हा सरळ केलं. बराच वेळ तो बोट फिरवत शोधत होता.